अकरा शनिवार

ओक्लाहोमा राज्यातल्या स्टिलवॉटर गावात 2,628 हा आकडा नुसता उच्चारला तरी पुरतो. कशाचा, कधीचा, असं कुणी विचारत नाही. माणूस पन्नाशीच्या पुढचा असला तर हातातलं काम बाजूला ठेवतो आणि त्या वर्षी आपण स्टेडियमच्या कोणत्या बाजूला बसायचो, तिथपासून सुरुवात करतो. विशी-पंचविशीतला असला तर वडिलांकडून, आजोबांकडून ऐकलेलं सांगतो, पण तेही अशा तपशिलाने, की ऐकणाऱ्याला वाटावं हा स्वतःच तिथे हजर होता.

1988 च्या मोसमात ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीच्या बॅरी सँडर्सने 11 सामन्यांत चेंडू घेऊन धावत 2,628 यार्ड कापले. त्या जुलैत त्याला वीस वर्षं पूर्ण झाली होती. उंची पाच फूट आठ इंच, अंगावर 21 नंबरची नारिंगी-काळी जर्सी. आज इतकी वर्षं उलटून गेली, खेळाडू तेव्हापेक्षा धिप्पाड झाले, मोसमातले सामने वाढले, तरी कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या पातळीवर एका मोसमात त्याच्याहून जास्त यार्ड कुणी धावलेलं नाही.

हा खेळ ज्यांना परका आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. जमलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात. चेंडू पुढे न्यायचे मार्ग दोनच, एक तर फेकायचा, नाहीतर पोटाशी धरून पळायचं. पळण्याचं काम प्रामुख्याने रनिंग बॅकचं. समोर सव्वाशे-दीडशे किलोंच्या माणसांची भिंत उभी असते आणि त्या भिंतीत क्षणभर पडणाऱ्या फटीतून त्याला पार व्हायचं असतं. एका धावेत चार-पाच यार्ड मिळाले तर काम चोख झालं म्हणतात. सामन्यात 100 यार्ड झाले, की दुसऱ्या दिवशी पेपरात नाव येतं. बॅरीची त्या मोसमातली सरासरी सामन्यामागे जवळजवळ 239 यार्ड होती आणि दर धावेला साडेसात यार्डांच्या वर. 344 वेळा त्याच्या हातात चेंडू दिला गेला, त्यातून धावत केलेले टचडाउन 37. टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, नेणं.

मी सांगलीकडची. शिकायला स्टिलवॉटरला आले तेव्हा फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा चेंडू एवढंच डोक्यात होतं. युनिव्हर्सिटीपासून चालत जाता येईल अशा एका घरात वरची खोली भाड्याने मिळाली. घरमालकीणबाई एकट्या राहायच्या. यजमान आधीच गेलेले, मुलं टेक्सासात. मनातल्या मनात मी त्यांना आजीच म्हणायचे, तोंडाने मात्र तिथल्या रीतीप्रमाणे मॅम. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत त्यांना स्वयंपाकात मदत करताना त्यांनी पाककृतींच्या कार्डांचा पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला आणि भोपळ्याच्या पायचं, म्हणजे सारण भरून भाजलेल्या गोड पदार्थाचं, कार्ड शोधायला सांगितलं. ते सापडलंच, पण त्याच्या मागे आणखी एक कार्ड होतं. त्यावर पाककृती नव्हती. पेन्सिलीने एकाखाली एक लिहिलेले आकडे होते.

178, 157, 304, 174, 189, 154, 320, 215, 312, 293, 332.

खाली रेघ आणि बेरीज. रेघेच्याही खाली, निळ्या शाईने, एकटाच आकडा: 222.

त्यांचे यजमान दर रविवारी सकाळी पेपर आला, की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आदल्या दिवशीचा आकडा मांडायचे. कार्ड पिवळं पडलेलं, एका कोपऱ्यावर लोण्याचा डाग. तिसऱ्या ओळीतला 304 आधी वेगळा लिहून खोडरबराने पुसलेला दिसत होता. पुसलेला आकडा काय होता ते मी विचारलं, तेव्हा आजी म्हणाल्या, "त्यांनी आधी 204 लिहिलं होतं. एवढे यार्ड खरे असतील असं त्यांना वाटलंच नाही, पुन्हा पेपर बघून आले."

त्या दुपारी भोपळ्याचा तो पदार्थ ओव्हनमध्ये असताना आजींनी एकेका आकड्यावर बोट ठेवत मला सगळा मोसम सांगितला. पहिला सामना मायामी ऑफ ओहायोशी. मोसमाचा अगदी पहिला किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करताना पायाने मारलेला चेंडू, बॅरीने आपल्या गोलरेषेवर झेलला आणि 100 यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. अजून लोक जागेवर बसायचे होते. दुसऱ्या सामन्यात टेक्सास ए अँड एमला 52-15 हरवलं. तिसऱ्यात टल्साविरुद्ध ते 304. नेब्रास्काशी संघ 63-42 हरला, त्यातही त्याचे 189 होतेच. 215 या आकड्याशी आल्या तेव्हा त्या जरा थांबल्या. तो ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीशी, म्हणजे नॉर्मनवाल्यांशी झालेला सामना. या दोन युनिव्हर्सिट्यांच्या लढतीला बेडलम म्हणतात. नॉर्मनवाले श्रीमंत, राष्ट्रीय विजेतेपदांचे धनी, राज्यातली बहुतेक घरं त्यांच्याच बाजूची. बॅरीचे स्वतःचे वडीलही नॉर्मनचे चाहते होते. तो सामना स्टिलवॉटरवाले 31-28 असा हरले. शेवटच्या मिनिटात एंड झोनमध्ये एका मुलाच्या हातून पास सुटला. तो झेलला असता तर जिंकले असते. त्या मुलाचं नाव आजींनी मला त्या दिवशी सांगितलं नाही आणि नंतरही कधी नाही. "तोही आमचाच होता," एवढंच म्हणाल्या. अशा माणसांमुळेच मला या गावाच्या आठवणींवर प्रेम करावंसं वाटलं. जिंकलेल्याला डोक्यावर घेऊन तर सगळेच नाचतात.

बॅरी 1986 मध्ये स्टिलवॉटरला आला तेव्हा त्याच्या जागेवर थर्मन थॉमस होता, जो पुढे बफलो बिल्स या व्यावसायिक संघाकडून खेळून हॉल ऑफ फेममध्ये गेला. दोन वर्षं बॅरी त्याच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर राहिला. किक परतवायचं काम मिळालं तर त्यात 1987 साली सरासरीत देशात पहिला आला. म्हणजे ज्याच्या नावावर आजवरचा सर्वांत मोठा मोसम आहे, त्याला कॉलेजात रनिंग बॅक म्हणून पहिल्या जागेवर खेळायला एकच मोसम मिळाला. चाहत्यांच्या हळहळीत यातला मोठा वाटा आहे. चार वर्षं नाही, तीन नाही, एकच. एक पावसाळा चुकलेला माणूस जसा जन्मभर त्या पावसाचं ऐकत राहतो, तसे तेव्हा परगावी नोकरीला असलेले, लष्करात असलेले स्टिलवॉटरकर अजूनही त्या मोसमाबद्दल विचारत राहतात.

आणि त्या वेळी आजच्यासारखे सगळे सामने टीव्हीवर दिसत नसत. बरेच लोक रेडिओवर ऐकायचे. स्टेडियममध्ये जे होते त्यांनीच काय ते पाहिलं. म्हणून तिथे साक्षीदाराला फार किंमत आहे.

आजींकडे व्हीएचएसच्या दोन-तीन कॅसेट होत्या. चित्र मुंग्या आल्यासारखं, आवाज मधूनच घोगरा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला काहीच उमगलं नाही. नारिंगी-पांढरा घोळका, त्यातून एक बुटका मुलगा बाहेर पडतो आणि पळत सुटतो. आजींनी रिमोट माझ्या हातात दिला आणि सांगितलं, चेंडू बघू नकोस, त्याच्या कमरेखाली बघ. मग मी तीच धाव परत परत मागे नेऊन पाहिली. आणि मला जे दिसलं ते मी ओळखत होते, कारण शाळेत असताना मी खो-खो खेळले होते. साखळीत पळणारी चांगली खेळाडू पाठलाग करणारीच्या अंगावर जाते, खांदा एका बाजूला टाकते, समोरची त्या बाजूला झुकली, की पाय उलट्या बाजूला पडलेला असतो. हूल खांद्याने द्यायची, निर्णय पायाने घ्यायचा, आणि समोरचीचं वजन पुढच्या पायावर गेल्याशिवाय आपला पाय हलवायचा नाही. आमच्या बाई घसा कोरडा पडेपर्यंत हेच सांगायच्या. बॅरी तेच करत होता, फक्त त्याच्या भोवती अकरा जण होते आणि तो एका जागी जवळजवळ थांबत होता. थांबतो! हे मला सर्वांत विलक्षण वाटलं. बाकीचे रनिंग बॅक वेग घेऊन घुसतात. हा भिंतीपाशी जाऊन क्षणभर उभा राहतो, मांड्या वाकवून जमिनीलगत, आणि समोरचे तिघे आपापल्या वेगाने त्याच्या पुढून वाहून जातात. मग तो निघतो. त्याच्या मांड्यांमधल्या ताकदीबद्दल स्टिलवॉटरमध्ये ज्या कथा सांगतात त्या मला त्या दिवशी पटल्या. पूर्ण वेगातून थांबायला आणि थांबलेलं असताना पुन्हा पूर्ण वेग पकडायला जी ताकद लागते ती दिसते त्याहून कितीतरी जास्त असते.

टचडाउन झाल्यावर तो काय करायचा, हे मात्र प्रत्येक जण सांगतो. काहीच नाही. चेंडू पंचाच्या हातात द्यायचा आणि बाकाकडे चालू लागायचा. नाच नाही, चेंडू आपटणं नाही, आकाशाकडे बोट नाही. मुलाखतीत स्वतःबद्दल विचारलं तर ऑफेन्सिव्ह लाइनबद्दल बोलायचा. समोरच्या भिंतीत फट पाडणारे ते आडदांड गडी, त्यांना तिथे वॉर पिग्ज म्हणायचे. चेंडू फेकणारा किंवा हातात देणारा, म्हणजे क्वार्टरबॅक, माइक गंडी, पास झेलायला हार्ट ली डाइक्स. त्या संघाच्या गोष्टी सांगताना लोक ही नावं घेतात, कारण बॅरीनेच ती घ्यायची सवय लावली.

हा त्याचा स्वभाव आधीपासूनचा होता. कॅन्ससमधल्या विचिटा नॉर्थ शाळेच्या शेवटच्या सामन्यात शहरातला सर्वाधिक यार्डांचा मान थोडक्यात त्याच्या हातात येत होता. सामना जिंकल्यात जमा होता. त्याला पुन्हा मैदानात जाण्याबद्दल विचारलं, त्याने नको म्हटलं, दुसऱ्या मुलांना खेळू द्या. पुढे 1989 मध्ये डेट्रॉइट लायन्सकडून व्यावसायिक लीगमधल्या पहिल्याच मोसमाच्या शेवटच्या सामन्यातही तेच घडलं. यार्डांत पहिल्या असलेल्या ख्रिश्चन ओकोयेचे 1,480 यार्ड, बॅरीचे 1,470. दहा-अकरा यार्ड म्हणजे त्याच्यासाठी दोन धावा. तरी तो गेला नाही. आकड्याच्या मागे लागणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

आणि इथेच मला जे सांगायचंय ते आहे. ज्या माणसाला आकड्यांचं काही नव्हतं, त्याचा आकडा दुसऱ्यांनी जपला. त्याने चेंडू पंचाला देऊन टाकला आणि स्टिलवॉटरकरांनी तो मनात ठेवून घेतला. पेन्सिलीने कार्डावर बेरीज करणारा तो गृहस्थ बॅरीला एकदाही भेटला नव्हता. तरी ती नोंद ठेवणं हे त्याला आपलं काम वाटलं. खेळाडू स्वतःच आपलं कौतुक करत असता तर लोकांना एवढं काही करायला उरलंच नसतं असं मला वाटतं. नम्र माणसाच्या वाटचं मिरवणं त्याची माणसं करतात, आणि ते ती फार मनापासून करतात.

शेवटचा, 332 चा आकडा टोकियोतला. 1988 मध्येच उघडलेल्या टोकियो डोममध्ये टेक्सास टेकशी सामना ठेवला होता. जपानात रविवार 4 डिसेंबर, ओक्लाहोमात अजून शनिवार संपायचा होता. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये हाइझमन ट्रॉफी जाहीर व्हायची होती. कॉलेज फुटबॉलमधला हा सर्वांत मानाचा पुरस्कार. नॉर्मनवाल्यांनी तो तोवर तीनदा मिळवला होता, स्टिलवॉटरने एकदाही नाही. बॅरीला टोकियोतल्या स्टुडिओत जाऊन कॅमेऱ्यासमोर बसायचीही इच्छा नव्हती, सामना होता म्हणून. कोच पॅट जोन्सनी त्याला कसंबसं तयार केलं. पुरस्कार त्यालाच मिळाला. मग तो मैदानावर आला आणि 44 वेळा चेंडू घेऊन 332 यार्ड पळाला. मार्कस अॅलनचा 1981 चा 2,342 यार्डांचा विक्रम त्या सामन्याआधी 46 यार्डांवर होता, तो मागे टाकून पुढे आणखी जवळजवळ 300 यार्ड. सामना 45-42 असा जिंकला.

आजी त्या रात्री घरी रेडिओपाशी होत्या. शेजारी दोन कुटुंबं येऊन बसली होती. मुलांना गाद्या घालून खालीच झोपवलं, म्हणाल्या, आणि कुणीतरी चिलीचं भांडं आणलं होतं. हाइझमनची बातमी आली तेव्हा यजमान उठून मागच्या अंगणात गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

निळ्या शाईतला 222 हा हॉलिडे बाउलमधला, 30 डिसेंबरचा. बाउल म्हणजे नेहमीचा मोसम संपल्यावर निवडक संघांत होणारा सामना. वायोमिंगला 62-14 हरवलं, बॅरीचे पाच टचडाउन, शेवटच्या भागात तो बाकावरच बसून होता. पण तेव्हा एनसीएए, म्हणजे कॉलेजातल्या खेळांचं नियमन करणारी संस्था, मोसमाच्या अधिकृत आकड्यांत बाउल सामने धरत नसे. 2002 पासून धरायला लागली, पण मागचे धरले नाहीत. म्हणून तो आकडा रेघेखाली, वेगळ्या शाईत. धरला असता तर 2,850 झाले असते. स्टिलवॉटरमध्ये या एका नियमावर जितक्या तळमळीने बोललं जातं तितक्या तळमळीने मी कर आणि निवडणुकांवरही लोकांना बोलताना ऐकलेलं नाही, आणि मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के मान्य आहे.

मग तो गेला. जानेवारी 1989 मध्ये खेळाडू भरतीतल्या गैरप्रकारांबद्दल एनसीएएने युनिव्हर्सिटीवर कारवाई केली, बाउल सामने बंद झाले. बॅरीचं कॉलेजचं एक वर्ष शिल्लक होतं. तेव्हा तिसऱ्या वर्षानंतर व्यावसायिक लीगमध्ये जाता येत नसे, त्याला खास परवानगी मिळाली आणि डेट्रॉइटने तिसऱ्या क्रमांकावर त्याची निवड केली. काही जुने चाहते अजून म्हणतात, आणखी एक वर्ष थांबला असता तर! मला हे कधीच पटलं नाही. वडील विल्यम सँडर्स छपरं शाकारायचं आणि सुतारकाम करायचे, घरात अकरा मुलं. बॅरी स्वतः सुट्टीत वडिलांबरोबर उन्हात छपरावर चढायचा. त्याच्या पायांवर भरलेल्या स्टेडियमचे पैसे इतरांच्या खिशात जात होते, त्याला फी आणि जेवण. असा मुलगा संधी आल्यावर गेला नसता तरच आश्चर्य. "आमच्या वेळी पोरं प्रेमापोटी खेळायची" हे वाक्य मी पार्किंगमध्ये, शेगड्यांवर मांस भाजत असताना पुष्कळदा ऐकलंय. ती पोरं प्रेमापोटी खेळत होती हे खरं, पण त्यांना पैसे मिळत नव्हते हे काही त्यातलं सुंदर नव्हे. आता खेळाडूंना पैसे मिळतात, तो न्याय फार उशिरा झाला असं मी म्हणते.

स्मरणरंजनाला खरं बळ आलं ते पुढच्या वर्षांनी. बंदी आणि त्यात बॅरी नाही. 1991 मध्ये तर स्टिलवॉटरच्या संघाला अख्ख्या मोसमात एकही सामना जिंकता आला नाही, दहा हरले, एक बरोबरीत सुटला. रिकाम्या बाकांवर थंडीत बसून लोक समोरच्या खेळापेक्षा तीन वर्षांमागच्या खेळाबद्दल बोलायचे. आजी म्हणायच्या, तेव्हा आम्हाला 88 रोज लागायचं. जे सतत जिंकतात त्यांच्याकडे नायक रांगेने उभे असतात, कुणा एकाला इतकं घट्ट धरून ठेवायची गरज पडत नाही. इथे एकच होता.

डेट्रॉइटकरांची आठवण वेगळ्या चवीची आहे, त्यात थोडा राग मिसळलेला होता. तिथे तो दहा मोसम खेळला, 15,269 यार्ड धावला, 1997 मध्ये एका मोसमात 2,053. आणि जुलै 1999 मध्ये, ताकदीत असताना, सर्वकालीन विक्रमापासून फार दूर नसताना, आपल्या गावच्या विचिटा ईगल या वर्तमानपत्राला फॅक्सने निरोप पाठवून निवृत्त झाला. डेट्रॉइटकर दुखावले. स्टिलवॉटरमध्ये मात्र कुणाला फारसं नवल वाटलं नव्हतं म्हणतात. ज्याने शाळेत बाकावर बसून दुसऱ्यांना खेळू दिलं तो विक्रमासाठी वर्षभर थांबेल हे त्यांना तसंही खरं वाटलं नसतं.

नोव्हेंबर 2021 मध्ये स्टेडियमपाशी त्याचा पुतळा बसवला. मी तोवर टल्सात नोकरीला लागले होते, पण आजींना घेऊन गेले. त्यांचे गुडघे दुखत होते, चाकाची खुर्ची घ्यायला तयार नव्हत्या. गर्दी इतकी, की पुतळ्याजवळ जायला बराच वेळ गेला. पुढे एक आजोबा नातवाला सांगत होते, आणि नातू मान हलवत होता, आणि मला कळत होतं, की हा मुलगा आणखी चाळीस वर्षांनी हेच कुणाला तरी सांगणार आहे. माइक गंडी तेव्हा त्याच संघाचा मुख्य प्रशिक्षक होता. 1988 मध्ये ज्याने बॅरीच्या हातात चेंडू दिला तो माणूस 2005 पासून तिथेच उभा होता. त्या रात्री टीसीयूला 63-17 हरवलं. आजी पहिल्या टचडाउननंतर रिवाजाप्रमाणे संघाचा काळा घोडा मैदानात पळाला तेव्हा उभ्या राहिल्या आणि मग सामना संपेपर्यंत बसल्याच नाहीत.

2024 च्या अखेरीस मात्र सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. बोईसी स्टेटचा अॅश्टन जेंटी 2,497 यार्डांवर होता आणि 31 डिसेंबरला पेन स्टेटशी फिएस्टा बाउल. विक्रम मोडायला 132 हवे होते, जे त्याने त्या मोसमात पुष्कळदा केले होते. मी आजींकडे गेले होते. त्यांनी डबा उघडून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. जेंटीच्या प्रत्येक धावेनंतर त्या यार्ड मोठ्याने म्हणायच्या, अगदी अचूक, टीव्हीवर आकडा यायच्या आधी. पेन स्टेटने बोईसीला 31-14 हरवलं. जेंटीचे त्या सामन्यात 104 झाले. एकूण 2,601. सत्तावीस कमी.

मला वाटलं होतं आजी खूश होतील. त्या म्हणाल्या, "छान मुलगा आहे तो. पडल्यावर उठून प्रत्येक वेळी चेंडू नीट पंचाच्या हातात देत होता, बघितलंस?" मी बघितलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, किती सामने झाले त्याचे. चौदा. त्यांनी मान हलवली, कार्ड डब्यात ठेवलं.

तो काळच या गावाला फार जड गेला. 2024 च्या मोसमात संघ फक्त तीन सामने जिंकला. सप्टेंबर 2025 मध्ये टल्साकडून घरच्या मैदानावर हरले, त्याच टल्साकडून ज्यांच्याविरुद्ध बॅरीने 304 काढले होते, आणि काही दिवसांतच गंडीला पदावरून दूर केलं. नॉर्मनवाले दुसऱ्या गटात निघून गेले, दरवर्षीचं बेडलम थांबलं. शेवटचं 2023 चं स्टिलवॉटरने 27-24 जिंकलं, एवढं एक समाधान. खेळाडू आता वर्षाला एक युनिव्हर्सिटी बदलतात, आणि मी वर म्हटलं तसं त्यांना पैसे मिळावेत हे मला मनापासून वाटतं, पण दोन वर्षं थर्मन थॉमसच्या मागे बाकावर बसून थांबणारा बॅरी आज थांबला असता का, हा प्रश्न मला सुटत नाही. कदाचित 1987 मध्येच दुसरीकडे गेला असता, तिथे दोन मोसम खेळून याहून मोठे आकडे केले असते, आणि स्टिलवॉटरच्या पत्र्याच्या डब्यात भोपळ्याच्या पायच्या मागे काहीच निघालं नसतं.

विक्रम मोडेल, आज ना उद्या. आता प्ले-ऑफमध्ये शेवटपर्यंत गेलेल्या संघाला सोळा सामनेही खेळावे लागतात, त्यामुळे तो मोडणं मोडणाऱ्याच्या कर्तृत्वाइतकंच वेळापत्रकाच्याही हातात आहे. तो मोडेल तेव्हा मोडणाऱ्याचं मी भरभरून कौतुक करीन, फक्त शेजारी सामन्यांची संख्या छापा एवढीच माझी मागणी राहील. आणि जेंटीचे ते 2,601, ज्यांनी सगळ्यांत जवळ नेलं, त्यांचीही कुणीतरी कुठेतरी नोंद ठेवली असणार. आयडाहोत बोईसी गावी एखाद्या स्वयंपाकघरात चौदा आकड्यांचा कागद असेल, आणि तो ज्याच्याकडे आहे त्या माणसाशी बसून एकेक आकडा ऐकायला मला फार आवडेल.